पान किती तास ओलं होतं?

पोस्ट लांब आहे. द्राक्षबागवाल्यांनी वाचाच, पण ज्यांची बाग नाही त्यांनीही वेळ काढून वाचावी. यात आमच्या पेपरच्या धंद्याचीही उणीदुणी आहेत, माझ्यासकट.

काल सकाळी सहाला दादाचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. प्लॅस्टिकच्या पिशवीतलं द्राक्षाचं पान, उलटं केलेलं. पानाच्या मागं पांढरी लव. खाली दोनच शब्द: "जित्ती हाये."

बाहेरच्या माणसाला यातलं काही कळणार नाही, म्हणून सांगतो. पानाच्या वरच्या बाजूला तेल सांडल्यासारखा पिवळट डाग दिसला की डावणीचा संशय येतो. डावणी म्हणजे डाऊनी मिल्ड्यू, पुस्तकात केवडा. पण तो डाग जिवंत आहे की मागच्या फवारणीनं मेलाय, हे नुसतं बघून सांगता येत नाही. मग डागाची दोन-चार पानं तोडायची, थोडं पाणी शिंपडून पिशवीत घालायची, तोंड बांधायचं आणि रात्रभर अंधारात ठेवायची. सकाळी पानाच्या मागं कापसासारखं पांढरं उगवलं तर रोग चालू आहे. नाही उगवलं तर बहुतेक थांबलाय, लगेच पंप भरायची घाई नको. या तपासणीला खर्च शून्य.

ही साधी गोष्ट २०१९ साली दादाला माहीत नव्हती. आणि तालुक्यात शेतीच्या बातम्या लिहिणाऱ्या मलाही माहीत नव्हती. त्या वर्षाबद्दलच लिहायचं आहे.

निफाड तालुक्यात आमची दोन एकर बाग, थॉमसन. आबा गेल्यापासून दादाच बघतो. मी पत्रकारितेचा डिप्लोमा करून पेपरात चिकटलो त्याला वीस वर्षं झाली. "भाऊजींचा हात बागेला लागतो तो फक्त फोटो काढायला," असं वहिनी म्हणते. खरं आहे ते.

२०१९ ला घटस्थापना २९ सप्टेंबरला होती. त्या दिवशी दादानं छाटणी धरली. आमच्याकडं हिला ऑक्टोबर छाटणीच म्हणतात, मग ती सप्टेंबरात का होईना. छाटणीनंतर आठ-दहा दिवसांत डोळे फुगतात, पोंगा निघतो, मग कोवळ्या फुटीत घड दिसायला लागतात आणि महिनाभरात बाग फुलोऱ्यात येते. छाटणीपासून पंचवीस ते पन्नास दिवस हा डावणीच्या दृष्टीनं सगळ्यात नाजूक काळ. पानावर आली तर पान जातं, झाड दुसरं पान काढतं. फुलोऱ्यातल्या घडात शिरली तर तो घड गेला, त्या वर्षी पुन्हा येत नाही.

आता त्या वर्षीच्या तारखा बघा. २१ ऑक्टोबरला विधानसभेचं मतदान. २४ ला निकाल. २७ ला लक्ष्मीपूजन. म्हणजे लक्ष्मीपूजनाला आमची बाग अठ्ठावीस दिवसांची, फुलोऱ्याच्या तोंडावर. आणि अरबी समुद्रात आधी क्यार आणि पाठोपाठ महा वादळ. नाशिकवर त्यातलं एकही येऊन आदळलं नाही, पण ढग आणि पाऊस काही हटेना. दिवाळीत आमच्या गल्लीत पोरांचे फटाके ओले, रांगोळ्या वाहून गेलेल्या.

मी त्या दिवसांत काय करत होतो? दोन कामं. कोण कुणासोबत जाणार, आपल्या आमदाराला मंत्रिपद मिळणार का, याच्या बातम्या. आणि दिवाळी पुरवणीच्या जाहिराती.

तालुक्याच्या वार्ताहराला मानधन किती मिळतं हे विचारू नका. घर चालतं ते जाहिरातीच्या कमिशनवर, आणि दिवाळी पुरवणी म्हणजे आमचा हंगाम. त्या वर्षी एका औषधाच्या वितरकानं अर्धं पान घेतलं. त्याची अट एकच होती: वर कुठंही 'जाहिरात' लिहायचं नाही, लेखासारखं छापायचं. मजकूर त्यानं दिला. मी शुद्धलेखन सुधारलं, दोन वाक्यं गोड केली आणि हेडिंग दिलं, 'डावणीचा आता कायमचा बंदोबस्त'. खाली माझं नाव.

त्या बाटलीत नेमकं काय आहे, हे मी विचारलं नव्हतं. लेबल मी पुढं बघितलं. 'वनस्पतीजन्य', 'प्रतिकारशक्ती वाढवणारे' असं बरंच होतं. बुरशीनाशकाच्या लेबलवर जो सरकारी नोंदणी क्रमांक असावा लागतो, तो नव्हता.

इकडं बागेत चिखल एवढा की ट्रॅक्टर ओळीत घातला की रुतायचा. ब्लोअर चालेना. दादा पाईप ओढत गननं फवारायचा, मागं वहिनी पाईप सोडवायला. फवारलं की तासाभरात पाऊस, की पुन्हा फवारा. काही जणांनी पहाटे ओल्या पानावर मॅन्कोझेबची धुरळणी केली. सोळा दिवसांत दादानं अकरा वेळा औषध मारलं. तोंडाला उपरणं, बाकी काही नाही. रात्री जेवताना हाताला वास यायचा म्हणून चमच्यानं जेवायचा.

पाऊस उघडल्यावर मी गावी गेलो. फोटो काढायलाच गेलो होतो, खोटं कशाला बोलू. घड पिवळे पडून तपकिरी झालेले, हात लावला की सुकलेली फुलं आणि बारके मणी भुरभुर खाली पडायचे. काही घडांवर पांढरी बुरशी अजून ओली होती. मी फोटो काढले, दादालाच घडाखाली उभं केलं, "थोडं वर बघ" म्हणालो. तो फोटो पहिल्या पानावर चार कॉलम लागला. 'परतीच्या पावसाने द्राक्षबागा उद्ध्वस्त'.

निघताना शेडमध्ये पाणी प्यायला गेलो तर रिकाम्या बाटल्यांच्या ढिगात दोन बाटल्या ओळखीच्या दिसल्या. दिवाळी पुरवणीतल्या. मी दादाकडं बघितलं.

"मधे दोन दिवस उघडीप व्हती ना, तवा हेच मारलं," तो म्हणाला. "तुझ्या पेपरात आलं व्हतं. नाव बी तुझंच व्हतं."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. त्याला वाटत होतं मी माहिती काढूनच लिहिलं असणार. फुलोऱ्याचे ते दोन कोरडे दिवस म्हणजे त्या अख्ख्या पंधरवड्यात नीट औषध बसायची एकमेव संधी होती.

बरं, शेजारच्यानं ते मारलं नव्हतं, त्याचीही बाग गेली. म्हणजे मी ते छापलं नसतं तर आमची वाचली असती, असं छातीठोक सांगता येत नाही. वाचली नसती, असंही सांगता येत नाही. सहा वर्षं मी हेच मनात घोळवतोय.

पुढचं सगळ्यांना आठवत असेल. १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली. १६ नोव्हेंबरला राज्यपालांनी मदत जाहीर केली: खरीप पिकांना हेक्टरी ८,००० आणि फळबागांना हेक्टरी १८,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत. आमची दोन एकर म्हणजे ०.८ हेक्टर. हिशोब करा, १४,४०० रुपये. कृषी सेवा केंद्रातली दादाची त्या हंगामाची उधारी १ लाख १८ हजार होती. २३ नोव्हेंबरच्या पहाटे तो शपथविधी झाला, तेव्हा आमच्याकडं पंचनाम्याचे कागद तलाठी कार्यालयात होते आणि मी टीव्हीसमोर बसून बातमी लिहीत होतो.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदा वही घेऊन द्राक्षाच्या चर्चासत्राला जाऊन बसलो. याआधी उद्घाटनाचा फोटो काढून निघून यायचो. आता विद्यार्थी म्हणून बसलो. मग मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचे साप्ताहिक सल्ले वाचायला लागलो, जुन्या बागायतदारांना छळायला लागलो. जे कळलं ते थोडक्यात सांगतो, जाणकारांनी चुकलं तर कान धरावा.

पहिली गोष्ट. डावणी ही शास्त्रीय अर्थानं बुरशीच नाही. दिसते बुरशीसारखी, पण तिची भावकी पाण्यातल्या शेवाळाची. तिचे बीजाणू पानावरच्या पाण्यात अक्षरशः पोहतात आणि पानाच्या मागच्या बारीक छिद्रांतून आत शिरतात. म्हणून तिला धो धो पाऊस लागत नाही. रात्रीचा अंधार, हवेत गच्च दमटपणा, आणि पहाटे पानावर दोन-तीन तास टिकलेलं दहिवर, एवढं तिला पुरतं. आत शिरल्यावर डाग दिसायला चार ते दहा दिवस जातात. म्हणजे आज जो डाग दिसतोय ती लागण मागच्या आठवड्यातली आहे. आपण डाग दिसला की दुकानात पळतो, तोवर ती पुढच्या मुक्कामाला निघालेली असते.

दुसरी गोष्ट भुरीची, आणि ती बरोबर उलटी. भुरी ही खरी बुरशी. तिला पानावर पाणी नको, उलट पाऊस तिला मानवत नाही. ढगाळ, कोरडी, मध्यम ऊबदार हवा आणि दाट कॅनॉपीतली सावली मिळाली की ती पसरते. तिच्यावर गंधक चालतं, पण कडक उन्हात मारलं तर पान आणि मणी भाजतात. जे औषध भुरीवर चालतं ते डावणीवर चालेलच असं नाही, कारण दोघींची जातकुळीच वेगळी. आणि आपण दुकानात जाऊन काय म्हणतो? "बुरशीचं काहीतरी द्या." मी स्वतः बातमीत 'बुरशीजन्य रोगांचा प्रादुर्भाव' एवढंच लिहून मोकळा व्हायचो.

तिसरी गोष्ट. औषधाआधी हवा. फेलफुटी वेळेवर काढणं, काड्यांची गर्दी कमी करणं, घडाजवळची पानं विरळ करणं, म्हणजे वारा आत खेळतो आणि पान लवकर सुकतं. पावसाळी हवेत नत्र आणि पाणी हात राखून देणं, नाहीतर फूट लुसलुशीत होते आणि डावणीला तेच पाहिजे असतं. रोगट पानं, घड बागेबाहेर नेऊन गाडणं किंवा जाळणं, कारण गळलेल्या पानांत ती पुढच्या हंगामापर्यंत दबून राहते. हे सगळं मजुरीचं काम आहे, बाटलीचं नाही. म्हणूनच कदाचित याची जाहिरात कुणी देत नाही.

चौथी गोष्ट. एकाच गटाचं औषध पुन्हा पुन्हा मारलं की रोग त्याला सरावतो. मेटॅलॅक्झिलसारखी आंतरप्रवाही औषधं एकटी मारायची नसतात, सोबत स्पर्शजन्य औषध लागतं आणि हंगामात त्यांचा वापर मोजकाच ठेवायचा असतो. दादाच्या २०१९ च्या अकरा फवारण्यांची बिलं मी नंतर मांडून बघितली. सहा बाटल्यांची नावं वेगळी, आतलं औषध एकाच गटातलं. त्याला वाटलं आपण औषध बदलतोय. बदलत होतं ते फक्त लेबल.

पाचवी गोष्ट निर्यातीची. औषध मारल्यापासून माल काढणीपर्यंत किती दिवस जाऊ द्यायचे, हे प्रत्येक औषधाचं ठरलेलं आहे. ते पाळलं नाही तर अवशेष निघतात. २०१० साली युरोपात आपले कंटेनर अडकले ते बुरशीनाशकामुळं नव्हे, सीसीसी या वाढरोधकाच्या अवशेषांमुळं. पण उर्वरित अंश म्हणजे काय हे त्या वर्षी गावागावाला कळलं. नियमही बदलत राहतात. मॅन्कोझेब आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या वापरलं, पण युरोपीय महासंघानं डिसेंबर २०२० मध्ये त्याला पुन्हा मंजुरी दिली नाही. म्हणजे शेजाऱ्यानं मागच्या वर्षी काय मारलं हे विचारून यंदाची बाग चालत नाही.

एक गोष्ट मला फार आवडली, ती सांगतोच. डावणी मूळची अमेरिकेतली. फ्रान्समध्ये ती १८७८ मध्ये पहिल्यांदा दिसली आणि तिथल्या बागा झोडपायला लागली. तिथं मेडॉक भागात बागायतदार रस्त्याकडेच्या झाडांवर मोरचूद आणि चुन्याचं पाणी शिंपडायचे. का? तर जाता-येता लोक द्राक्षं चोरून खायचे, निळं काहीतरी मारलंय म्हटल्यावर हात लावत नसत. १८८२ मध्ये मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की आतल्या झाडांची पानं गळालीत आणि रस्त्याकडेची हिरवी आहेत. तिथून प्रयोग करत १८८५ मध्ये त्यांनी जे जगापुढं मांडलं, तेच आपलं बोर्डो मिश्रण. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. आजही आमच्याकडं ड्रममध्ये कालवून त्यात लोखंडी विळा बुडवून बघतात. विळ्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला.

मला यातलं काय भावलं, तर तो माणूस चालता चालता पानांकडं बघत होता. मी वीस वर्षं त्याच रस्त्यांनी फिरतोय, मोटारसायकलवरून. मला बाग दिसली ती मेल्यावर.

आता सार्वजनिक मुद्द्यावर येतो.

डावणी तास मोजते. पान किती तास ओलं होतं, याच्यावर तिचं सगळं गणित. आणि आपली सगळी व्यवस्था मोजते मिलिमीटर. हवामानावर आधारित फळपीक विम्याची भरपाई ठरते ती महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राच्या आकड्यांवर. पाऊस ठरलेल्या मिलिमीटरच्या पुढं गेला तर पैसे, नाहीतर हप्ता गेला. चार मिलिमीटरची भुरभुर आणि नंतर सकाळी दहापर्यंत धुकं, यात बाग बसते, पण कागदावर त्या दिवशी काहीच घडलेलं नसतं. शिवाय मंडळाचं केंद्र एका गावात, ढग दुसऱ्या गावात. पंचनामाही तसाच. तो होतो नुकसान डोळ्यांना दिसल्यावर, म्हणजे लागण होऊन पंधरा दिवस उलटल्यावर. आणि पेपर? पेपर तर त्याहून उशिरा. आम्हाला बातमी तेव्हाच दिसते जेव्हा फोटो काढण्यासारखं काही असतं. ओल्या पानाचा फोटो पहिल्या पानावर कोण लावणार?

महावेधच्या केंद्रांवर तापमान, पाऊस, आर्द्रता, वारा या नोंदी होतात. रात्रभर आर्द्रता किती होती हे कुठल्या तरी संगणकाला माहीत असतं. तो आकडा सकाळी सहाच्या आत, साध्या मराठीत, गावच्या माणसाच्या फोनवर आला तर निम्म्या फवारण्यांचा निर्णय नीट होईल. 'काल रात्री तुमच्या मंडळात नऊ तास दमटपणा टिकून होता, फुलोऱ्यातल्या बागा बघा.' एवढं एक वाक्य. भरपाई देण्यापेक्षा हे स्वस्त आहे. प्लॅस्टिक आच्छादनाच्या अनुदानाची चर्चा होते, चांगलंच आहे, पण दोन एकरवाल्याला निम्मा खर्चही झेपत नाही. त्याला आधी माहिती द्या.

दुसरी मागणी दुकानांची. डॉक्टर चिठ्ठी देतो तशी चिठ्ठी द्या. कुठल्या रोगासाठी, कुठल्या गटाचं औषध, प्रमाण किती, काढणीआधी किती दिवस थांबायचं. बिलाच्या मागं चार ओळी. आमच्या गावात एक दुकानदार हे करतो, त्याचा धंदा बुडालेला नाही.

आणि तिसरी आमच्या धंद्याची. जाहिरात असेल तर वर 'जाहिरात' लिहा. पैसे घेऊन छापलेल्या मजकुराखाली बातमीदाराचं नाव देऊ नका. शेतकरी लेबल वाचत नाही असं आपण म्हणतो, पण तो पेपर वाचतो आणि खरा मानतो. २०२१ पासून मी स्वतःचं छोटं साप्ताहिक चालवतो आणि हा नियम पाळतो. त्या वितरकाची जाहिरात गेली, त्याच्या मागं आणखी दोघांची गेली. बायको अधूनमधून आठवण करून देते.

गावात आम्ही एक साधा उद्योग सुरू केला. आठ बागायतदारांचा व्हॉट्सॲप ग्रुप, नाव 'पान'. त्यात गुड मॉर्निंग नाही, राजकारण नाही. रोज एकाची पाळी. रात्री मोटार चालू करायला उठावंच लागतं, लाईट रात्रीचीच असते, तेव्हा पानाला हात लावून बघायचा. पहाटे पुन्हा बघायचा. ऊन आल्यावर पान कितीला सुकलं ते लिहायचं. 'रात्री दोनला ओलं, साडेनऊला सुकलं.' बस्स. कुणाला डाग दिसला तर पान पिशवीत. दर आठवड्याला हे तास मी साप्ताहिकात एका चौकटीत छापतो. सुरुवातीला लोक हसले. आता चौकट राहिली तर फोन येतात.

याचा फायदा किती झाला, हे मोठ्या आवाजात सांगणार नाही. प्रत्येक वर्षाचा पाऊस वेगळा असतो. एवढं सांगतो की दादाच्या वहीत आता फवारणीच्या प्रत्येक तारखेसमोर कारण लिहिलेलं असतं. आधी कारणाच्या जागी दुकानाचं नाव असायचं.

यंदाची गोष्ट तर सगळ्यांना माहीत आहे. २०२५ च्या मे महिन्यातच पावसानं गाठलं. एप्रिल छाटणीनंतर काडीत सूक्ष्म घडनिर्मिती होते तेव्हा ऊन लागतं, नेमकं तेव्हा आभाळ. छाटणी झाल्यावर कित्येक बागांत घडच कमी निघाले. ज्या काडीला दोन घड असायचे तिथं एक, कुठं नुसती बाळी. म्हणजे यंदा जो घड आहे तो सोन्याचा आहे आणि त्याच्यावर अंदाजानं औषध मारून चालणार नाही.

तर काल सकाळचा तो फोटो. 'जित्ती हाये.' मी लगेच फोन केला.

"काय करतो मग?"

"काय करायचं. ईशान्येच्या कोपऱ्यातल्या चार ओळी हायेत, तिथं वारा लागत नाय. पानं काढून घेतो आधी. मग बघू. ग्रुपवर टाकलंय."

"दुकानात जातोय?"

"जाईन ना. पण आता काय मागायचं ते मला ठाऊक हाये."

दुपारपर्यंत ग्रुपमधल्या आणखी तिघांनी आपापल्या बागेतली पानं पिशवीत घातली होती. आज सकाळी त्यातल्या दोघांची कोरी निघाली. त्या दोघांची एक-एक फवारणी वाचली. तिसऱ्याच्या पिशवीत पांढरं उगवलंय, तो आत्ता बागेत आहे.

दादाची मी कधी माफी मागितली नाही. आमच्यात तशी पद्धत नाही. ही पोस्ट टाकण्याआधी काल रात्री त्याला फोनवर सगळी वाचून दाखवली. बाटलीचं आलं तेव्हा तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "माझं नाव नको टाकू. बाकी टाक. दुसऱ्याच्या कामाला येईल."

नाव टाकलेलं नाही.

तुमच्या गावात आज पान कितीला सुकलं, तेवढं खाली कमेंटमध्ये लिहा. गावाचं नाव आणि वेळ, बाकी काही नको. उद्या सकाळी सगळ्यांचं एकत्र करून टाकतो.